बाळाचं वजन घेता, तेव्हा बाळंतिणीची झोपही विचारा

चौदाव्या दिवसाची गृहभेट होती. झोळीत बाळ, काट्यावर दोन किलो तीनशे. सातव्या दिवशीही तेवढंच भरलं होतं. मी आईला नेहमीचं सांगितलं: दर दोन-अडीच तासांनी पाज, रात्रीही पाज, एक बाजू रिकामी झाली की दुसरीकडं घे. तिनं मान हलवली. उठताना बाजेखालचं ताट दिसलं. सकाळची भाकरी तशीच, कडा वाळून वर वळलेल्या. मग ध्यानात आलं, की बाळ झोळीत टाहो फोडत होतं तेव्हा हिनं एकदाही तिकडं पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडं बघत होती. माझ्या फॉर्मवर वजनाचा रकाना होता, तो मी भरला. भाकरीसाठी रकाना नव्हता.

त्यानंतर मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर बरीच वर्षं हिंडले, नव्या आशाताईंबरोबर घरोघरी गेले. त्यातून एक मत पक्कं झालं. बाळंतिणीच्या मनासाठी नवा कार्यक्रम, नवं रजिस्टर, नवी बाई असं काही लागत नाही. (नवं काही सुचवलं की आशाताई आधी हात जोडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.) जिथं आपण तसंही जातो, त्याच भेटीत दहा मिनिटं आईकडं बघायचं. हा लेख नव्यानं गावात उतरणाऱ्यांसाठी आहे: आशाताई, अंगणवाडीताई, संस्थांचे कार्यकर्ते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले डॉक्टरही.

कामाला लागण्याआधी

“बाळंतपणानंतरची उदासीनता हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं दुखणं, खेड्यातल्या बाईला उदास व्हायला वेळ कुठं?” असं मला एका डॉक्टरांनीच ऐकवलं होतं. पण गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना उदासीनतेचा आजार होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. कारणं आपल्या ओळखीचीच निघाली: गरिबी, नवऱ्याशी न पटणं, मुलगा हवा असताना मुलगी होणं. आणि आजारी पडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त जणींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. म्हणजे आपण बाळंतपणानंतर विचारायला जातो तोवर उशीर झालेला असतो. सातव्या महिन्यात तपासणीला आलेली बाई गप्प-गप्प असेल तर तिथूनच लक्ष ठेवा.

त्याच अभ्यासात पुढं बाळांकडं पाहिलं, तेव्हा खचलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजना-उंचीत मागं पडलेली दिसली. खचलेली आई दूध पाजते, पण बोलत नाही. लंगोट बदलते, पण चेहऱ्याकडं बघत नाही. बाळ हसतं आणि समोरून काही येत नाही. असं रोज झालं की बाळही हसायचं कमी करतं.

मग उपाय? २००८ मध्ये पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डॉ. अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लेडी हेल्थ वर्करना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच गावच्या बायकांना, खचलेल्या आयांशी बोलायला शिकवलं. सहा महिन्यांनी त्यांच्या गावांत २३ टक्के आया अजून आजारी होत्या. नुसत्या साध्या भेटी झालेल्या गावांत ५३ टक्के. बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या, आईबाप बाळाशी जास्त खेळू लागले. बाळांच्या वजना-उंचीत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते. बोलण्यानं मन सावरतं, पण बोलण्यानं ताट भरत नाही. दोन्ही लागतं.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं या पद्धतीची पुस्तिका काढली, आणि गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं तेच काम गावातल्या साध्या आयांकडून करून पाहिलं. त्यांना तिथं ‘सखी’ म्हणत. परिणाम पाकिस्तानइतका मोठा आला नाही, पण आला. बाळाच्या घरगुती काळजीसाठी तर आपल्याला गडचिरोलीपलीकडं जायलाच नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळं वाचवून दाखवली, आणि आजच्या आशाताईंच्या गृहभेटींची कल्पना तिथून आली.

तारखा पाठ करा, फट ओळखा

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही. मग बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर.

आता या आकड्यांकडं नीट बघा. बेचाळिसाव्या दिवसानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत त्या घरात कुणी जात नाही. सव्वा महिना नुकताच संपलेला असतो. नेमकं याच काळात पाहुण्यांचं येणं थांबतं, डिंकाचे लाडू संपतात, आणि बाई खुरपं घेऊन रानात जाते. मन खचायला सगळ्यात सोयीचा काळ हाच.

ही फट बुजवायला जास्तीची भेट लागत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस असते ना? ती बाई लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत येतेच. टोचून झाल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतोच आपण. तो अर्धा तास तिचा.

दुसरी फट माहेर-सासरची. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरची आशाताई म्हणते “ती माहेरी गेली”, माहेरची म्हणते “ती आपल्या गावची नाही”. तिसऱ्या-पाचव्या महिन्यात पाठवणी होते तेव्हा ती आपल्या आईपासून तुटते, आणि कुणाच्याच यादीत नसते. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: बाळंतपणाला कुठं जाणार, परत कधी येणार. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागं दोन्हीकडच्या आशाताईंचे फोन लिहा. एक फोन करायला दोन मिनिटं लागतात, पण तो केल्याचं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

तिला एकटीला गाठणं

नव्या माणसाची पहिली चूक इथं होते. माझीही झाली. एका घरी सासूबाईंसमोर मी मोठ्या उत्साहात म्हटलं, “मावशी, सूनबाईंना डिप्रेशन वाटतंय मला.” पुढच्या भेटीला दाराला कडी. शेजारीण म्हणाली, पोरीला माहेरी धाडली. तीन महिने तिचा पत्ता लागला नाही. एका शब्दानं मी तिला घरात ‘डोक्यावर परिणाम झालेली’ करून ठेवलं होतं.

सासूला बाहेर काढायचं नसतं, तिला काम द्यायचं असतं. “मावशी, बाळाला जरा उन्हात घेऊन बसता का? कावीळ आहे का बघायचीय.” आजी बाळ घेऊन ओट्यावर गेली की आत पाच मिनिटं मिळतात. कधी तेल लावायच्या वेळेला जा, तेव्हा बाईचे हात कामात असतात आणि तोंड मोकळं. कधी हापशावर. आदिवासी भागात सरकारच्या अमृत आहार योजनेच्या जेवणाला गरोदर आणि स्तनदा माता अंगणवाडीत येतात, तिथं सासू नसते. जेवून हात धुताना जेवढं बोलणं होतं तेवढं घरात वर्षभर होत नाही.

आणि सासूला शत्रू समजू नका. तिलाही कुणी विचारलेलं नसतं. “तुमच्या वेळेला कसं होतं हो?” एवढं विचारा. मी असं विचारल्यावर एक सासू पदर डोळ्याला लावून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेला रात्री एक झोप सलग मिळू लागली.

विचारायचं कसं

‘उदासीनता’, ‘नैराश्य’, ‘मानसिक’ हे शब्द पिशवीतच ठेवा. गावात मन दुखतं ते अंगातून बोलतं. डोकं जड, छातीत धडधड, हातपाय गळाले, जीव घाबरा होतो, काहीच गोड लागत नाही. कुणी म्हणेल सटवाईचं आहे, कुणी म्हणेल बाळंतवात, कुणी बाहेरचं. या शब्दांवर हसू नका आणि खोडूही नका. “जीव घाबरा होतो म्हणजे कधी होतो? रात्री की दिवसा?” असं तिच्याच शब्दाला धरून पुढं जा.

सुरुवात झोपेपासून करा. झोपेबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही.

“झोप होती का गं?”
“कुठली झोप ताई. लेकरू उठतंय की.”
“आणि लेकरू झोपल्यावर?”

हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. बाळामुळं झोपमोड सगळ्यांचीच होते. पण बाळ गाढ झोपलं, घर शांत झालं, तरी जी छताकडं बघत पडून राहते, तिच्याकडं लक्ष द्यायचं. मग दोन प्रश्न: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागलं नाही असं झालं का? आणि सारखं खिन्न वाटतं, पुढं काही चांगलं होणार नाही असं वाटतं का? बहुतेक दिवस ‘हो’ असेल तर ती तुमच्या खास यादीत. एडिंबरात १९८७ साली बनवलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तुमच्या केंद्रात तिचं प्रशिक्षण झालं असेल तर वापरा, पण जनगणनेसारखी वाचून दाखवू नका. बाई सगळ्याला “नाही, नाही” म्हणून मोकळी होते.

विचारल्यावर गप्प बसायला शिका. हे सगळ्यात अवघड. आपल्याला सल्ला द्यायची इतकी सवय असते की तिनं श्वास घेतला तरी आपण सुरू होतो. “अगं असं होतंच”, “बाळाकडं बघ आणि विसर”, “तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतल्या बायका आहेत” ही तीन वाक्यं मी प्रशिक्षणात फळ्यावर लिहून त्यावर काट मारते. त्याऐवजी “मग?” पुरे. नाहीतर “एकटीनंच सोसलंस की.”

काय किती गंभीर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो तेव्हा बऱ्याच बाळंतिणी उगाच रडतात, मध्येच हसतात. हे दहा-पंधरा दिवसांत ओसरतं. धीर द्या, झोपू द्या, एवढंच.

पंधरा दिवसांच्या पुढं गेलं, खाणं सुटलं, बाळ नकोसं वाटू लागलं, “मी कसली आई” असं बोलू लागली, तर तो आजार आहे आणि त्याला मदत लागते. इथं एक गोष्ट विसरू नका: रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेली बाई आणि मन खचलेली बाई लांबून सारखीच दिसते, थकलेली. थायरॉइडचंही तसंच. म्हणून हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतरही १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात हे बऱ्याच जणींना सांगितलेलंच नसतं. पाकीट माहेरी राहतं, किंवा उतरंडीमागं.

आणि तिसरं, ज्यात एक दिवसही थांबायचं नाही. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, एकदम वेगळंच होतं: दोन-दोन दिवस झोप नाही, बरळणं, कुणीतरी बोलल्याचं ऐकू येणं, बाळ बदललंय किंवा बाळात काहीतरी शिरलंय असं ठामपणे म्हणणं. घरचे आधी देवऋषी गाठतात. भांडू नका, त्यात वेळ जातो. “अंगारा लावा, पण गाडी आत्ता बोलवू” म्हणा आणि १०८ लावा. बाळ आणि आई दोघांजवळ सतत मोठं माणूस हवं.

जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारायचं. “कधी वाटतं का, की नकोच हे जगणं?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो. ‘हो’ म्हणाली तर “कसं करायचं ठरवलंस?” हेही विचारा. ठरवलेलं असेल तर एकटी सोडायची नाही. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध बाहेर काढून कुलपात टाकायला लावा. आपल्याकडं कितीतरी जीव त्या डब्यानं जातात. त्याच दिवशी दवाखाना. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुमच्या फोनवरून लावून तिच्या कानाला द्या. नुसता चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर कुणी फिरवत नाही.

मदत म्हणजे नेमकं काय

त्या वाळलेल्या भाकरीच्या घरी मी तीन दिवसांनी परत गेले, काटा न घेता. तिला दुसरी मुलगी झाली होती. बारसं केलं नव्हतं. नवरा बोलत नव्हता, सासू ताट बाजेखाली सरकवून जात होती. खाल्लं की नाही कुणी बघत नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या, दोनच. एक, सकाळचं ताट तिनं मोठ्या मुलीला शेजारी बसवून खायचं, एकटीनं नाही. दोन, बाळाला तेल लावताना बाळाला नावानं हाक मारायची. नाव ठेवलेलं नव्हतं, मग तिनं स्वतःच एक ठेवलं. मला हळूच सांगितलं. बारशाला तेच राहिलं.

पद्धत एवढीच: मोठा उपदेश नको, छोटं काम, आठवड्याला एक-दोन, तिनं निवडलेलं, आणि पुढच्या भेटीत आठवणीनं विचारलेलं. केस विंचरणं, दारात पंधरा मिनिटं उन्हात बसणं, बहिणीला फोन करणं. नाही जमलं तर “का नाही केलंस” असं नाही, “काय आड आलं?” असं विचारायचं. आणि जोडीला डोक्यात फिरणारा विचार धरायचा. “बाळ रडतंय म्हणजे मी नालायक” असं ती म्हणाली, तर “बाळ आणखी कशानं रडतं?” असं विचारून तिच्याकडूनच तीन कारणं काढून घ्यायची. भूक, ओलं झालेलं, गरम होणं. ती स्वतः मोजते तेव्हा तिला पटतं.

नवऱ्याशी बोलायचं तर पारावर चारचौघांत नको. त्याला करता येण्याजोगं एक काम सांगा: रात्री एकदा उठून बाळाला खांद्यावर घे. पैशाचंही बोला. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००. कागद अडलेला असेल तर तो सोडवणं हीसुद्धा मनाचीच मदत आहे. मारहाण होत असेल तर “जुळवून घे” हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये. महिला मदतवाहिनीचा १८१ नंबर आणि जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर तिला सांगून ठेवा, पण कधी जायचं ते तिला ठरवू द्या.

सव्वा महिन्याची विश्रांती मोडायला निघू नका, ती फार शहाणी चाल आहे. मोडायचं ते शेगडीचा धूर कोंडलेली खोली, बाळाला गुटी-मध चाटवणं, डोळ्यात काजळ. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. आजीला म्हणा, गुटी उगाळायच्या वेळात बाळाशी बोला, तुमच्याएवढ्या गोष्टी कुणाला येतात?

बाळ मांडीवर असताना

जन्मतेवेळी मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या पावपट असतं, दोन वर्षांत ते पाऊणपट होतं. खाणं आणि बोलणं या दोन्हींवर तो वाढतो. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८० च्या दशकात १२९ खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही घरी आरोग्य कार्यकर्त्या दर आठवड्याला जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवत, घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करून. असं दोन वर्षं. वीस वर्षांनी ती मुलं, अशी भेट न मिळालेल्या खुरटलेल्या मुलांपेक्षा, २५ टक्के जास्त कमावत होती. विकतची खेळणी लागली नव्हती.

आईला दाखवा, सांगू नका. बाळ तिच्या मांडीवर, तोंड तिच्याकडं, हातभर अंतरावर. ती “ऊं” म्हणते आणि थांबते. थांबणं महत्त्वाचं, बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो. दहा सेकंदांनी बाळ ओठ हलवतं, पाय झाडतं. त्या क्षणी आईचा चेहरा बघा. खचलेल्या बाईला “तू चांगली आई आहेस” हे शंभरदा सांगून पटत नाही, ते हे बाळ एका हुंकारात पटवतं. म्हणूनच मी आईचं मन आणि बाळाची वाढ वेगळी धरत नाही.

पारदर्शक बाटलीत थोडे दाणे घालून झाकण घट्ट चिकटवलं की खुळखुळा होतो. वाटीवर चमचा, चिंध्यांची बाहुली, पदराआड तोंड लपवून ‘भूऽक’. चिंचोके, शेंगदाणे, बटणं सुटी ठेवायची नाहीत, घशात अडकतात. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की चिऊ-काऊचा घास म्हणजे जेवण आणि भाषा दोन्ही एकदम. आजकाल त्या जागी मोबाइल लावतात. बाळ खातं, पण बघतं पडद्याकडं.

दोन महिन्यांत तोंडाकडं बघून हसणं, चारला मान धरणं, नऊला आधाराशिवाय बसणं, वर्षाला नावाला वळून बघणं, दीड वर्षाला चालणं. थोडं मागंपुढं होतं. पण दीड वर्षाला चालत नाही, आवाजाकडं वळत नाही, किंवा आधी येत होतं ते विसरलं, तर “बापही उशिराच चालला होता” यावर समाधान मानू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं.

दवाखान्यात पाठवणं

चार-सहा आठवडे बोलूनही उतार नसेल, किंवा ती बाळाला घेतच नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. पहिल्या वेळी सोबत जा. बाई ‘वेड्यांच्या डॉक्टरकडं’ एकटी जात नाही. घरात “झोपेसाठी दाखवायचंय” म्हणा, ते खोटंही नाही. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत. डॉक्टरांना मात्र पाजते हे आवर्जून सांगायला हवं. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि भरती व्हावं लागलं तर तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडता येत नाही, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलंय. “बाळ घरी ठेवा” असं कुणी म्हणालं तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

कोयता निघतो तेव्हा

बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, एक दिवस गेलं नाही की खाडा, म्हणजे पैसे कापले. ओली बाळंतीणसुद्धा पहाटे फडात, बाळ कडेला साडीच्या झोळीत, राखायला पाच-सात वर्षांची बहीण. इथं “दिवसातून आठ-दहा वेळा पाजा” हा सल्ला वाटेल तेवढा शास्त्रीय असो, निरर्थक आहे.

निघण्याआधीच्या आठवड्यात करायचं ते करा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. लस कुठल्याही उपकेंद्रात मिळते हे सांगा. अंगणवाडीताईंकडून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करून घ्या. गोळ्या पुरतील एवढ्या द्या. त्याच टोळीत जाणारी एक समंजस बाई गाठा, शक्यतो जिची पोरं मोठी झालीत अशी, आणि तिला म्हणा: हिच्याकडं बघ, जेवते का तेवढं बघ. बहिणीला दाखवा बाळाला पाणी-साखर पाजायची नाही, आणि झोळीजवळ बसून गप्पा मारायच्या. पोरींना हे पटकन जमतं. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वजन, हिमोग्लोबिन, आणि झोप.

तुमची वही

मनाचं लिहिलेलं गावात फुटलं तर तुमचं काम त्या दिवशी संपलं. मी पूर्ण नाव लिहीत नाही, घराच्या क्रमांकापुढं एक टिंब देते. एक टिंब म्हणजे लक्ष ठेवायचं, दोन म्हणजे या आठवड्यात परत जायचं. बैठकीत बोलताना घर ओळखू येईल असं काही सांगायचं नाही, डॉक्टर विचारत असले तरी चारचौघांत नाही.

आणि आशाताई, तुम्हीही कुणाच्या तरी सुना आहात. दिवसात तीन घरांचं रडू ऐकून घरी गेलं की भाकरी थापताना हात जड होतात. आमच्या तालुक्याच्या मासिक बैठकीत अहवाल वाचण्याआधी पंधरा मिनिटं दार लावून फक्त आपापलं बोलायचं, असं आम्ही ठरवून घेतलं. सुरुवातीला कुणी बोलत नसे, सगळ्या चहाच्या कपात बघत. तिसऱ्या महिन्यात एक जण म्हणाली, “ताई, मलाच पंधरा दिवस झोप नाही.” त्या दिवशी अहवाल वाचायचा राहून गेला.